हात आवरला की डाव सावरतो

दुपारची भांडी पालथी घालून, जरा पाठ टेकायची म्हणून बसला असाल, तर रेडिओचा आवाज थोडा वाढवा. मागच्या दोन भागांत आपण बुद्धिबळाचा पट कसा मांडायचा आणि कोणता मोहरा कसा चालतो हे बोललो होतो. त्यानंतर गावोगावच्या गटांतून निरोप आले. बहुतेकींचं म्हणणं एकच होतं, "चाली आल्या, पण खेळ काही येईना. रोज खेळतो आणि रोज हरतो. आता काय करायचं?"

आज त्याविषयीच बोलू. आणि आधीच कबूल करतो, हे आमच्याही बाबतीत झालं होतं.

आमचा सात जणींचा गट. बचतीची बैठक संपली की पट मांडायचा, अशी सुरुवात झाली. मग गोडी लागली आणि जेवणं उरकल्यावर रात्रीही डाव रंगायला लागले. दोघी खेळायच्या, पाच जणी सल्ले द्यायच्या. असे सहा महिने गेले. सहा महिन्यांनी शाळेतली पोरं सुट्टीत आमच्याशी खेळायला बसली आणि एकेकीला भराभर हरवून उठली. आम्ही म्हणालो, "पोरांची डोकी ताजी असतात, आपलं वय झालं." त्यावर सातवीतली एक पोर म्हणाली, "मावशी, वयाचं नाही हो. तुम्ही रोज तीच चूक करता."

ते वाक्य आम्हाला लागलं. पण खरं होतं.

रोज खेळणं म्हणजे सराव नव्हे

भाकरीचं बघा. पहिली भाकरी करपली की आपण काय करतो? तवा जास्त तापला का, जाळ मोठा झाला का, पीठ कसं मळलं गेलं, हे बघतो. म्हणून दुसरी नीट येते. पण कारण न बघता नुसत्या भाकऱ्या थापत राहिलो तर शंभरावीही करपेल. बुद्धिबळात आमचं तेच चाललं होतं. डाव हरला की पट पुसल्यासारखा साफ करायचा आणि दुसरा मांडायचा. कुठं चुकलं ते बघायला कुणी थांबतच नव्हतं.

या खेळात दैवाला बोल लावायची सोय नाही. सारीपाटात दान पडावं लागतं, पत्त्यांत पानं चांगली यावी लागतात. इथं मात्र दोघींकडे सारखेच सोळा मोहरे, सगळं चौसष्ट घरांवर उघडं. लपवलेलं काही नाही. म्हणजे हरलो तर ते आपल्याच चालीमुळे. ऐकायला कडू आहे, पण यातच दिलासा आहे. चूक आपली असेल तर ती सुधारणंही आपल्याच हातात असतं.

आम्ही मग तीन गोष्टी ठरवल्या. रोजचा अर्धा तास, चुकांची वही आणि हाताला लगाम. एकेक सांगतो.

रोजचा अर्धा तास

बचत गटात आपण एक शिकलो आहोत. हप्ता लहान असला तरी चालतो, पण चुकला की घडी मोडते. सरावाचंही तसंच आहे. सहा दिवस पटाकडे बघायचं नाही आणि सातव्या दिवशी साडेतीन तास बसायचं, याने भर निघत नाही. रोज थोडं केलेलं डोक्यात मुरतं.

अर्ध्या तासाचे आम्ही तीन भाग केले.

पहिली दहा मिनिटं डावाच्या शेवटाची. तुम्ही म्हणाल, आधी सुरुवात शिकायची की शेवट? क्युबा देशाचे होजे राऊल कापाब्लांका १९२१ ते १९२७ विश्वविजेते होते. त्यांचा सल्ला असा की, खेळ सुधारायचा तर सगळ्यांत आधी डावाचा शेवट शिका. कारण साधं आहे. शेवटी पटावर मोहरे थोडे असतात, त्यामुळे प्रत्येकाची ताकद स्वच्छ दिसते. आणि जिंकत आलेला डाव पुरा करता येत नसेल, तर आधीची मेहनत वाया जाते. आमचे कितीतरी डाव असेच गेले. वजीर जास्त असूनही मात करता येईना.

म्हणून पट रिकामा करा. एका बाजूला राजा आणि दोन हत्ती, दुसऱ्या बाजूला एकटा राजा. एका हत्तीने एक आडवी रांग अडवायची, दुसऱ्याने पलीकडच्या रांगेवर शह द्यायचा. राजा एक रांग मागे सरकतो. मग पहिल्या हत्तीने त्याच्या पुढच्या रांगेवर शह. असं शिडीच्या पायऱ्यांसारखं ढकलत न्यायचं, पटाच्या काठाला मात होते. राजा एखाद्या हत्तीच्या अंगावर आला तर तो हत्ती त्याच रांगेत दूर, दुसऱ्या टोकाला न्यायचा.

हे हातात बसलं की एकच हत्ती ठेवा. आता आपला राजाही कामाला लावावा लागतो. शेळी कोंडायची तशी रीत आहे. हत्ती म्हणजे कुंपण, ते राजाला ओलांडता येत नाही. आपला राजा जवळ आणायचा. दोन्ही राजे मध्ये एक घर सोडून समोरासमोर आले, की हत्तीने शह द्यायचा. समोरच्या राजाला मागेच जावं लागतं, कारण पुढची घरं आपल्या राजाने धरलेली असतात. कुंपण एक रांग पुढे सरकवायचं आणि पुन्हा तेच. यात घाई नको, पण आळसही नको. प्यादं न हलता आणि कुणी न मरता दोन्हीकडच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या, तर समोरची बरोबरी मागू शकते. नीट खेळलं तर ही मात जास्तीत जास्त सोळा चालींत होते. आम्हाला पहिल्यांदा चाळिसाच्या वर लागल्या होत्या.

राजा आणि वजीर घेऊन एकट्या राजाला मात करणंही शिका, पण एक सांभाळा. समोरच्या राजाला शह नसेल आणि त्याला सरकायला एकही घर उरलं नसेल, तर ती मात होत नाही. डाव बरोबरीत सुटतो. वजीर इतका जोरकस असतो की नकळत कोंडी होते. म्हणून वजीर चालवण्याआधी बघायचं, समोरच्या राजाला एक तरी घर उरतंय ना?

दुसरी दहा मिनिटं कोड्यांची. एका चालीत मात, दोन चालींत मात, किंवा एकाच चालीने दोन मोहऱ्यांवर हल्ला, अशी कोडी पुस्तकांत मिळतात. घरात मोबाइल असेल तर लिचेस नावाचं ॲप फुकट आहे, त्यात जाहिरातीही नाहीत. पाच कोडी सोडवायची आणि मोबाइल ठेवून द्यायचा. इथं आमच्यातल्या दोघी घसरल्या होत्या. कोडी सोडून त्या तीन-तीन मिनिटांचे झटपट डाव खेळत बसायच्या, रात्रीचे बारा वाजायचे. झटपट डावात विचार करायला वेळ नसतो, म्हणून जुनीच चूक पुन्हा घट्ट होते. शिकत असताना सावकाश खेळावं.

तिसरी दहा मिनिटं वहीची. आणि आठवड्यातून दोन पूर्ण डाव, निवांत, प्रत्येकीला निदान अर्धा तास मिळेल असे.

चुकांची वही

मोठ्या स्पर्धांतल्या लांब वेळेच्या डावांत खेळाडूला प्रत्येक चाल लिहावीच लागते, तसा नियम आहे. आपणही लिहायला शिकू. अवघड नाही. पांढऱ्या मोहऱ्यांच्या बाजूने डावीकडून उभ्या रांगांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावं. आडव्या रांगांना आपल्याकडून १ ते ८ आकडे. पांढऱ्या राजापुढचं प्यादं दोन घरं चाललं, की लिहायचं 'ई ४'. घोडा असेल तर 'घोडा एफ ३'. आमच्यातल्या ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या चाली शेजारी बसलेलीने लिहिल्या. त्यातली एक आता स्वतः लिहिते. अक्षरं शाळेत शिकायची राहिली होती, ती पटावर शिकली.

डाव संपला की दोघींनी मिळून तो पुन्हा मांडायचा. जिंकलेलीनेही बसायचं. जिथं डाव फिरला त्या चालीपुढे खूण करायची आणि एका ओळीत कारण लिहायचं. 'उंट उघडा ठेवला.' 'घोड्याचा शह दिसला नाही.' 'वजीर फार लवकर बाहेर काढला.' 'जिंकतेय म्हणून घाई केली.' 'माझं नशीब खोटं' असं लिहायचं नाही, आणि 'गलका फार होता' असंही नाही. आपल्या चालीबद्दलच लिहायचं.

महिन्याने आम्ही वही वाचली आणि गप्पच बसलो. आमचे बहुतेक डाव कुठल्याही गहन कारणाने गेले नव्हते. मोहरा उघडा ठेवला आणि समोरचीने तो फुकट नेला, बस्स. वहीत दुसरंही एक कळलं. प्रत्येकीची चूक वेगळी होती. एकीला घोड्याची उलटी उडी दिसायची नाही. एकीला वजिराच्या बदल्यात काहीही द्यायची घाई. आणि एक जण पुढे असली की समोरचीची दया येऊन सैल खेळायची. ती म्हणाली, "घरात सगळ्यांना सांभाळून घ्यायची सवय लागलीय, ती इथंही आली बघा." आम्ही हसलो, पण तिचं बोलणं मनात राहिलं.

हाताला लगाम

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. आम्हाला विचाराल तर पटावरचा सर्वांत अवघड मोहरा म्हणजे आपला हात. डोळ्यांनी बघायच्या आत तो पुढे जातो.

बुद्धिबळाचा नियम आहे. आपल्या पाळीत आपल्या मोहऱ्याला जाणूनबुजून हात लावला, की तोच चालवायचा. समोरचीच्या मोहऱ्याला हात लावला आणि तो मारता येत असेल, तर मारायचा. चाल करून हात सोडला की परत घेणं नाही. मोहरा नुसता घरात सरळ करायचा असेल तर आधी सांगायचं, "सरळ करतेय."

आमच्याकडे पहिले सहा महिने हा नियम नावालाच होता. "अगं, परत घे, तुझं ध्यान नव्हतं," असं चालायचं. मायेनं म्हणायचो, पण त्या मायेनं आमचं नुकसान केलं. चाल परत घेता येते हे माहीत असलं, की आधी विचार करायची गरजच उरत नाही. नियम कडक केला त्या दिवशी आमच्यातल्या एका वहिनींचा वजीर गेला. समोर त्यांची धाकटी जाऊ. ती म्हणाली, "वहिनी, घ्या परत. आपल्या आपल्यात काय?" वहिनी बराच वेळ पटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको. हात माझा लागला." तो डाव त्या हरल्या. पण त्यानंतर त्यांचा वजीर असा फुकट गेलेला आम्ही फार कमी वेळा पाहिला.

हाताला लगाम घालायला आम्ही एक सोपी रीत धरली. समोरचीची चाल झाली की दोन्ही हात मांडीवर. मग मनात तीन प्रश्न.

पहिला, तिने ही चाल का केली? काय करायचा बेत आहे?

दुसरा, माझा कुठला मोहरा उघडा आहे?

तिसरा, मी मनात धरलेली चाल केली, तर तिच्याकडे शह आहे का, माझं काही मारता येतंय का?

तिन्ही उत्तरं मिळाली की मगच हात वर. पहिले पंधरा दिवस फार जड गेलं. प्रश्न विसरायचे, हात सुटायचा. म्हणून बघणारीला काम दिलं. तिने सल्ला द्यायचा नाही, नुसतं हात मांडीवर आहेत का बघायचं. मोहऱ्यांची किंमतही पाठ केली. प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. काही मारण्याआधी हिशोब करायचा, काय देतेय आणि काय घेतेय. गटाचा जमाखर्च लिहिणाऱ्या बाईला हा हिशोब काय अवघड?

अर्धा तास आणायचा कुठून

हे सगळं ठीक, पण वेळ कोण देणार? हा प्रश्न आम्हालाही पडला, आणि तो पटावरच्या कुठल्याही प्रश्नापेक्षा मोठा होता. पुरुष पारावर पत्ते खेळले तर कुणी काही म्हणत नाही. बायका पट मांडून बसल्या की गावभर होतं. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढा वेळ उतू चाललाय तर शेण भरा." तिने वाद घातला नाही. आपली वेळ ठरवली, दुपारी दोन ते अडीच. त्याच्या आधीची कामं आधी, नंतरची नंतर. अडीच वाजले की जिंकत असली तरी पट उचलायची. महिनाभर एकही दिवस वेळ पुढे गेली नाही, तेव्हा सासूबाईंनीच नातवाला दटावलं, "थांब जरा, तुझ्या आईचा अर्धा तास चाललाय."

'तुझ्या आईचा अर्धा तास.' मैत्रिणींनो, आमच्यासाठी यापेक्षा मोठं बक्षीस नाही. शिस्त म्हणजे दुसऱ्याने लावलेली नव्हे, आपण आपल्याला लावलेली. ती पाळली की लोकही आपल्या वेळेला मान द्यायला लागतात.

आपल्याकडच्या बायकांनी हा खेळ कुठवर नेला, तेही ऐका. देशातली महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये झाली. ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी. पुढची बरीच वर्षं ते विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींमध्येच फिरत राहिलं. रोहिणीताई १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. नंतर भाग्यश्री ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. आणि २०२५ च्या जुलैत, जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरात, आपल्या नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

अंतिम फेरीत तिच्यासमोर होत्या आंध्र प्रदेशच्या कोनेरू हंपी. त्यांचीही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाळंतपणासाठी त्या जवळजवळ दोन वर्षं खेळापासून दूर होत्या. मुलगी झाल्यावर पुन्हा पटावर आल्या आणि २०१९ मध्ये जलद बुद्धिबळाच्या विश्वविजेत्या झाल्या. २०२४ मध्ये तेच पद त्यांनी पुन्हा जिंकलं. म्हणजे खंड पडला म्हणून सगळं संपत नाही. आपल्या घरीही लग्नसराई येते, सुगी येते, कुणी आजारी पडतं. आठ-पंधरा दिवस पट उघडत नाही. वाईट वाटून घेऊ नका आणि बुडालेल्या दिवसांची बेरीजही करू नका. आज पुन्हा दहा मिनिटांपासून धरा.

आपल्याला काही विश्वचषक आणायचा नाही. पण चालीआधी थांबायची सवय पटापुरती राहत नाही, हा आमचा अनुभव आहे. परवा गटात कर्जाचा एक कागद आला, सह्या करा म्हणून. आमच्या त्याच वहिनी म्हणाल्या, "थांबा, हात मांडीवर. आधी वाचून काढू." सगळ्या हसल्या. पण सही वाचूनच झाली.

या आठवड्याचा अभ्यास

आता एक काम देतो. अंगणात रांगोळीने पट काढा. एक पांढरं प्यादं चौथ्या रांगेत, काठाला, ए ४ वर ठेवा. समोर फक्त काळा राजा. पांढरा राजा फार दूर आहे, मदतीला येणार नाही असं धरा. प्यादं आठव्या रांगेत पोचलं की वजीर होणार. काळा राजा त्याला गाठेल का?

चाली मोजत बसू नका. प्यादं उभं आहे ते घर धरून वर आठव्या रांगेपर्यंत पाच घरं होतात. तितकीच पाच घरं काळ्या राजाच्या बाजूला मोजा आणि रांगोळीने चौकोन पुरा करा. काळ्याची पाळी असताना राजा या चौकोनात पाऊल टाकू शकला, तर तो प्याद्याला गाठतो. नाही टाकू शकला तर प्याद्याचा वजीर झालाच समजा. प्यादं एक घर पुढे गेलं की चौकोनही लहान होतो. आता राजा एफ ४ वर ठेवून बघा, मग जी ४ वर ठेवून बघा. पाळी एकदा काळ्याला द्या, एकदा पांढऱ्याला. काय फरक पडतो ते वहीत लिहा. प्यादं दुसऱ्या रांगेत, आपल्या मूळ घरात असेल तर ते एकदम दोन घरं जाऊ शकतं, म्हणून चौकोन तिसऱ्या रांगेपासून धरायचा, हेही ध्यानात ठेवा.

पुढच्या भागात तुमच्या वह्यांतल्या चुकांविषयी बोलू. आपल्या गटात सगळ्यांत जास्त वेळा कोणती चूक लिहिली गेली, ते कळवा. लाजू नका, आमची सांगून झालीच आहे.

तोवर हात मांडीवर, नजर पटावर. राम राम.